कोरडा फ्लॅश

यशवंततात्यांची दुपारची झोप फोटोसारखी धुऊन निघते. आधी कडा काळ्या होतात, मग मधलं हळूहळू उमटायला लागतं. आजऱ्याच्या बाजारपेठेत भांड्यांच्या दुकानावर त्यांचा स्टुडिओ आहे. जेवून वर यायचं, गिऱ्हाइकाला बसवायच्या बाकड्यावर आडवं व्हायचं, आणि खाली कुणीतरी पातेलं ठोकून बघत असतं त्या ठण्‌ठण्‌वर डोळे मिटायचे, हा त्यांचा एक्केचाळीस वर्षांचा नेम. पुढचं मी त्यांच्याच तोंडून ऐकलेलं आहे. त्यात मीठमसाला माझा असेल, पण भाजी त्यांची.

आज मात्र कडा काळ्या व्हायला वेळ लागतोय. कारण सकाळीच उज्ज्वला येऊन गेली आहे. तिची आत्या, सोनाक्का, जाऊन दहा दिवस झाले.

"तात्या, माझ्या लग्नात तुम्ही आत्तीचा फोटो काढला होता की. मरेपर्यंत सांगायची, माझा फोटो यशवंताकडं हाय म्हणून. उत्तरकार्याला लावायचाय. दुसरा एकपण न्हाई घरात."

"शोधतो," तात्या म्हणाले. "दुपारी ये."

शोधायचं काय, कपाळ? त्या लग्नाच्या अल्बमात एकशे चव्वेचाळीस फोटो, आणि त्यांत सोनाक्काचं फक्त एक कोपर. पिंपातून पाणी काढणारं. आणि जो फोटो काढला म्हणून ती एकतीस वर्षं सांगत होती, तो काढलेलाच नाही. लग्नात 'माझा काढा, माझा काढा' म्हणून मागे लागणाऱ्यांसाठी फोटोग्राफर लोकांची एक युक्ती असे. कॅमेरा डोळ्याला लावायचा, पण बटण दाबायचं ते नुसतं फ्लॅशचं. लख्ख उजेड पडतो, माणूस खूश होतो, रोल वाचतो. तात्या त्याला कोरडा फ्लॅश म्हणत. सोनाक्काला त्यांनी तो दिला होता.

तो जुना कॅमेरा आज फळीवरून खाली आलाय. तात्यांनी सवयीनं त्याची काच मऊ फडक्यानं पुसली, उशाशी स्टुलावर ठेवला, आणि डोळे मिटले.

ठण्‌. ठण्‌. मग ते ठण्‌ पाण्यात बुडल्यासारखं होतं.

भिंतीवरच्या पडद्यावर तळं रंगवलेलं आहे, त्यात दोन हंस. पेंटरनं एकाची मान इतकी लांब काढली की तो बगळाच वाटतो. तो बगळा आता मान वळवून बाजूला सरकतो आणि तळ्यातून लुगडं घोट्याच्या वर धरून सोनाक्का बाहेर येते.

"तुझ्या तळ्यातलं पाणी लई गार हाय रं यशवंता."

"आक्का, तुम्ही तर..."

"गेले. म्हणून काय जिना चढायची बंदी हाय?" ती ओल्या पायानं टेबलाकडे जाते. "ह्ये काय मांडलंयस?"

टेबलावर सकाळी तात्यांनीच मांडलेली कात्री आहे, डिंक आहे, आणि एका बाईच्या फोटोतून मानेपर्यंत कापून घेतलेलं धड. हिरवी काठापदराची साडी, हात मांडीवर.

"ही कोण?"

"हत्तीवड्याच्या एक बाई आहेत."

"आणि डोस्कं?"

"तेच शोधतोय. तुमचं कोपर मिळालंय."

"मग कोपराला हार घालणार व्हय उजी?" सोनाक्का हसते, आणि तिच्या हसण्यानं पडद्याला सुरकुती पडते. "तरी बरं, धड अंगानं भरलेलं निवडलंस. जित्तेपणी मला कुणी एवढं खाऊ घातलं न्हाई."

तात्या ओशाळून खाली बघतात, तर पायाखाली फरशी नाही. शेणानं सारवलेलं अंगण आहे. डोक्यावर मांडव आहे आणि तात्यांच्या डोक्यावर केस आहेत, भरघोस, तेल लावलेले. उज्ज्वलाचं लग्न लागतंय. सगळा मांडव पोझ देऊन थांबलाय. अक्षता हवेत तशाच टांगलेल्या आहेत. नवऱ्याचा मामा पोट आत ओढून उभा आहे, एकतीस वर्षं झाली बिचाऱ्याला, पार निळा पडलाय.

"श्वास सोडा मामा," तात्या म्हणतात.

"आधी काढा," मामा दातांतून बोलतो.

पिंपाजवळून सोनाक्का हात पुसत येते. पांढरं कपाळ, गळा मोकळा. ती पुढं यायला लागते तशी बायका वाट देतात, पण मानाची देतात तशी नाही, अंग चोरून देतात तशी.

"यशवंता, माझा एक काढ की."

तात्यांचं बोट फ्लॅशच्या बटणावर आहे. ते उचलून कॅमेऱ्याच्या बटणावर न्यायचं म्हणतात, पण बोट ऐकत नाही. चिकटलंय, डिंकानं. लख्ख!

मांडवातली सगळी तोंडं सोनाक्काकडे वळतात, आणि उजेड विझतो तो विझतोच. उरतो एक लाल दिवा. तात्यांची जुनी अंधारखोली, फोटो धुवायची. आजकाल तिथे ते कांदे-बटाटे ठेवतात, पण आत्ता तिथं ट्रे आहेत, औषधाचा आंबूस वास आहे. सोनाक्का पाटावर उकिडवी बसून ट्रे हलवतेय, भांडी विसळावीत तसा. आत कागद आहे. पांढराच.

"यीना की रं काय."

"औषध जुनं आहे, आक्का."

"आणि?"

"रोल... रोल संपला होता त्या दिवशी."

ती ट्रे हलवायची थांबते. लाल उजेडात नुसती बघते.

"संपला नव्हता," तात्या म्हणतात. "तीन शिल्लक होते. पाठवणीसाठी ठेवले होते."

"तीन." ती परत ट्रे हलवायला लागते. "मला ठावं हाय. तुझ्या हातनं नऊ लग्नं बघितली मी, तुझ्या पाठीमागं हुबी राहून. फोटु निघताना खटक वाजतंय. त्या दिवशी उजेड पडला, खटक झालं न्हाई."

तात्यांना वाटतं आपण कांद्याच्या पोत्यात शिरावं.

"मग सगळ्यांना सांगत का राहिलात, फोटो आहे म्हणून?"

"उजेड तर पडलाच व्हता." सोनाक्का लुगड्याचा सोगा गुडघ्याखाली दाबते. "सगळा मांडव माझ्याकडं बघाय लागला. उजीच्या आयनं, माझ्या वैनीनं, पुढं येऊन माझा पदर सारखा केला. धनी गेल्यापास्नं लग्नाकार्यात माझ्याकडं तोंड करून कोण हुबं राहिलं व्हतं? तेवढ्यावर मी एकतीस वर्सं काढली."

"मग राग नाही तुमचा?"

"हाय की! तीन शिल्लक असताना?"

दोघंही हसतात, पण तात्यांचं हसू मध्येच कुठंतरी अडतं.

"आता काय करू मी?"

"उजीला खरं सांग. कुणा हत्तीवड्याच्या बाईच्या धडापुढं तिला रडाय लावू नको."

"ती तोंडावर थुंकेल माझ्या."

"थुकू दे. तिचा जीव माझ्यावर हाय, तुझ्यावर न्हाई."

तिनं कनवटीची डबी काढली आहे. काळी, राखाडी झाकणाची. रोलची रिकामी डबी. त्याच लग्नात फोटोबरोबर ही पण मागून घेतली होती तिनं मिसरी ठेवायला, आणि डबी मात्र तात्यांनी खरी दिली होती. ती डाव्या हाताच्या बोटावर मिसरी घेते. बोटाला विळ्याचा तिरका वण आहे. दातावरून बोट फिरवते, तेव्हा अंधारखोलीची भिंत आहे की नाही कळत नाही. मागून पाणी वाहिल्याचा आवाज येतोय, आणि बगळा कुठंतरी वाट बघत उभा आहे.

"आक्का, थांबा. आता काढतो. खराच काढतो." तात्या कॅमेरा डोळ्याला लावतात. "हनुवटी जरा खाली. जरा. बास."

सोनाक्का जन्मात पहिल्यांदा सरळ बसते. पदर स्वतःच सारखा करते. तात्यांचं बोट आता बरोबर जागेवर आहे. आणि तेवढ्यात ती, लहान पोर आरशाला लावतं तसं, हात लांब करून ते मिसरीचं बोट पुढं आणते.

"ह्यातनं कशी दिसतीय रं मी?"

"आक्का, काचेला बोट नका ला—"

स्वतःच्याच ओरडण्यानं तात्या बाकड्यावर उठून बसतात.

ठण्‌. खाली कुणीतरी पातेलं घेतलंय. उन्हाची तिरीप बाकड्यापर्यंत आलीय. पडद्यावर हंस आपल्या जागी आहेत, बगळाही. कात्री, डिंक, हिरवी साडी, सगळं जिथल्या तिथं. तात्या सुस्कारा सोडतात आणि स्टुलाकडे हात नेतात.

कॅमेऱ्याच्या काचेवर बोट उमटलंय. तपकिरी, ओलसर, रेघन्‌रेघ दिसेल असं. मधून एक रेघ सगळ्या वेटोळ्यांना तिरकी कापत गेलीय. तात्या नाक जवळ नेतात. मिसरी. त्यांच्या घरात सात पिढ्यांत कुणी मिसरी लावलेली नाही.

हात सवयीनं फडक्याकडे जातो. गिऱ्हाइकाचं बोट काचेला लागलं की तात्या आधी शिवी देतात आणि मग पुसतात. आज शिवीही निघत नाही. फडकं हातातच राहतं.

जिन्यावर पावलं वाजतात. उज्ज्वला आत येते. "सापडला?"

"बस उजा." ते हिरव्या साडीचा तो कापलेला फोटो दोन्ही हातांनी चुरगाळतात. "मी तुझ्या आत्तीचा फोटो काढलाच नव्हता. नुसता उजेड पाडला. आणि रोल होता. तीन शिल्लक होते."

उज्ज्वला बसत नाही. "एकतीस वर्सं, तात्या. म्हातारी सगळ्या गावाला सांगत फिरली."

"होय."

"आणि तुम्ही समोर दिसला की हसून रामराम घालत होता तिला."

"होय."

ती वळते, दारापर्यंत जाते. तात्या तिला थांबवत नाहीत. फक्त कॅमेरा उचलतात आणि काच खिडकीच्या उन्हाकडे करतात. ती जाता जाता बघते, आणि पाऊल उचललेलं तसंच राहतं. परत येते. तिचं बोट आपोआप वर होतं आणि काचेपासून तांदळाभर अंतरावर थांबतं.

"ह्यो वण... भाताच्या कापणीत लागला होता तिला. मी होते तिथं." ती बोट मागं घेते. "पुसू नका."

"नाही पुसत. धर हातात. घट्ट."

तात्या कपाटातून नवा कॅमेरा काढतात. उज्ज्वला जुना कॅमेरा दोन्ही हातांत धरून पडद्यासमोर बसते, तळ्याच्या अगदी काठाला.

"जरा उजेडाकडे कर. जरा. बास."

कॅमेरा डोळ्याला लावता लावता तात्या थांबतात. खाली घेतात. आणि त्याचं झाकण उघडून आत कार्ड आहे ना, ते आधी बघतात.