कपाटातला पंप

मी शाळेत खिचडी शिजवते. माझी मुलगी तिथेच तिसरीत आहे. तिला दमा आहे. डहाणूच्या डॉक्टरांनी पंप दिला, शाळेत जवळ ठेवा म्हणाले. कसा ओढायचा ते दाखवलं नाही. "जमेल ना, मावशी?" एवढं विचारलं आणि मी मान हलवली. शिकलेल्या माणसासमोर माझी मान आपोआप हलते.

शाळेत सरांनी तो कपाटात कुलूप लावून ठेवला. पोरं खेळतील म्हणे. चावी सरांच्या खिशात आणि सर सारखे तलासरीला मीटिंगला. तेव्हा धाप लागली तर पोरीने काय कुलूप हुंगायचं?

मग तपासणीची गाडी आली. गाडीतल्या डॉक्टरांनी भाषण केलं, धुळीपासून लांब राहा, धुरापासून लांब राहा. सकाळी पोरांनीच वर्ग झाडले होते आणि माझी चूल ओल्या लाकडांवर धुमसत होती. तिकडे कुणी बघितलं नाही. खिचडी मात्र दोनदा घेतली. फोटोसाठी पंप बाहेर निघाला, पोरीच्या तोंडाला लावला.

"आई, टोपण काढलंच नव्हतं," पोरगी नंतर म्हणाली.

एवढी शिकलेली माणसं. मी चौथी पास, पण बूच काढल्याशिवाय तेल पडत नाही हे मला कळतं. फोटो झाला, पंप पुन्हा आत.

महिन्याने गोळ्या वाटायला सिस्टर आली. पोरीची छाती वाजत होती. सिस्टरने पंप मागवला आणि खाली फरशीवर बसली. "ओढून दाखव." पोरीने दाबला आणि औषध गिळलं. इतके दिवस, सर असले आणि कपाट उघडलं तरी, ती गिळतच होती. सिस्टरने आधी नुसता श्वास घ्यायला शिकवला, मग औषध ओढायला. श्वास रोखला की दहा मोजायचे, हे शेजारच्या मुलीलाही सांगितलं.

"आता हा दप्तरात राहील," ती सरांना म्हणाली.

"वरून लेखी आलं पाहिजे."

"विहिरीवरचा दोर कपाटात ठेवता का, सर?"

"निदान पालकांनी तरी सांगायला हवं."

"पालक परात घासतायत. विचारा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. "दप्तरात राहू दे," मी म्हटलं.

"काय?" सर म्हणाले. त्यांना ऐकू आलं होतं.

मी परात खाली ठेवली आणि पुन्हा म्हटलं. सरांनी चावी अशी काढली, जणू सातबाऱ्यावरची जमीनच सोडत होते.