जुन्या गोव्यात मागितलेला कौल

सही मलाच करायची होती, कारण आमचे मालक, पोरीचे बाबा, मस्कतला होते. आमच्या सुमीच्या काळजाला जन्मापासून भोक होतं. सहा वर्षांची पोर, वाकोल्याच्या चाळीचा जिना चढताना दोनदा बसायची आणि ओठ निळे पडायचे. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन याच महिन्यात करू, सोमवारी येऊन कागदावर सही करा. तेवढ्यात गावाहून सासूबाईंचा निरोप आला, देवाचा कौल घेतल्याशिवाय पोरीच्या अंगाला सुरी लावायची नाही. मी सातवीत शाळा सोडलेली बाई. डॉक्टर खरे की देव, हे मला कोण सांगणार? सही केली आणि पोर गेली तर मीच मारली, नाही केली तरी मीच.

मी अंधेरीला एका निवृत्त शिक्षिकेकडे स्वयंपाक करत होते. त्या मूळच्या गोव्याच्या, ख्रिश्चन. सगळे त्यांना मिस म्हणत. त्यांना जुन्या गोव्यातली चर्चेस मरायच्या आधी एकदा पाहायची होती आणि सोबत हवी होती. वाटेत कुडाळ लागतं, तिथून आमचं गाव जवळ. मनात तो हिशेब धरूनच सुमीला नणंदेकडे ठेवून मी निघाले. पण कुडाळच्या स्टँडवर दीर उभे होते ते मान खाली घालूनच.

"वयनी, कौल बंद आसा. मानकऱ्यांच्या घरात सुतक पडला. धा दिवस देवाक कोण इचारूचो नाय."

मी त्याच गाडीत परत चढले. मिसनी माझा हात धरून ठेवला.

जुनं गोवं म्हणजे पोर्तुगिजांची एकेकाळची राजधानी. आता तिथे माणसं थोडी आणि चर्चेस मोठी. पहिल्याच चर्चच्या दारात मी सवयीने चप्पल काढली.

"अगं, घाल ती! तुझे पाय भाजले तर मला कोण सांभाळणार? मी तुझ्या भरवशावर आले ना!" मिस ओरडल्या.

त्यांनी बाहेर नवसाचे मेणाचे अवयव विकतात तिथून एवढंसं काळीज घेतलं आणि सुमीच्या नावाने वाहिलं. "माझा सायब, माझा देव, ऐकतो गं. तू पण सांग." मी गुडघे टेकले, पण शब्द फुटेना. खोटं कशाला लिहू? मला नुसतं ऐकून घेणारा देव नको होता, हो की नाही ते सांगणारा हवा होता.

शेजारीच संग्रहालय होतं. मिस दमून बाकावर बसल्या, मी एकटीच आत फिरत राहिले. भिंतीवर दाढीवाल्या पोर्तुगीज साहेबांच्या तसबिरी, खाली मोडल्या देवळांतले दगड. आणि एका कोपऱ्यात पुरुषभर उंचीचा वेताळ! आमच्या गावचा देवही वेताळच. माझं भानच गेलं. वेणीतली दोन अबोलीची फुलं तोडली, बाटलीतल्या पाण्यात भिजवली आणि देवाच्या दोन्ही खांद्यांवर चिकटवली. आमच्याकडे कौल असाच लावतात. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. मी वाट बघत उभी राहिले. एकही पडेना.

"ए बाय! हांगा हात लावंक ना! हें म्युझियम, देऊळ न्हय!"

खाकी कपड्यातला म्हातारा पहारेकरी धावत आला. त्याने दोन्ही फुलं एकदमच ओढून काढली. माझा कौल त्याच्या मुठीत गेला. मला रडू आवरेना. त्याच्यासमोरच हात जोडले आणि तोंडातून गाऱ्हाणं बाहेर पडलं.

"बा देवा वेताळा, तू देवळाबाहेर, मी घराबाहेर. माझ्या चेडवाच्या काळजाक भोक आसा. माका कायेक कळणा नाय. मी सही करतंय. पुढे ता तुझा चेडू समजून सांभाळ."

सही करतंय, हे मी कधी ठरवलं ते मलाच ठाऊक नाही. गावात गाऱ्हाणं घातलं की जमलेली माणसं होकार देतात. त्या सवयीने मी थांबले, आणि मग आठवलं, इथे आपलं कोण आहे?

"व्हय म्हाराजा," मागून आवाज आला.

पहारेकऱ्याने डोक्यावरची टोपी काढली होती. "हांव पेडण्याचो," तो हळूच म्हणाला. पेडणं म्हणजे गोव्याचं आमच्या गावाकडचं टोक. "आमगेरूय अशेंच म्हणटात. वच आतां. आमचो ऑफिसांतलो सायब आयलो जाल्यार म्हजी नोकरी वतली." त्याने दाराकडे बोट केलं.

बाहेर मिसनी माझं तोंड पाहिलं. "रडतेस की हसतेस, एक काय ते ठरव!"

सोमवारी सही इतकी वाकडी आली की कारकुनाने परत करायला लावली. ऑपरेशनच्या दिवशी मी बाहेर बसून होते, पण खूण मात्र एकदाही मागितली नाही. सुमी वाचली. मी गोव्यात वेताळाला फुलं लावल्याचं नणंदेकडून सासूबाईंना कळलं होतं. महिन्याने त्या आल्या आणि आधी विचारलं, "उजवो इलो काय गो?"

"काय एक इलो नाय, आये."

"मगे सही कशी केलंस?"

"भीत भीत."

 सासूबाई सुमीला मांडीवर ओढून तिच्या छातीवरच्या व्रणावरून बोट फिरवत बसल्या.

त्या भल्या पहारेकऱ्याचं नावसुद्धा मी विचारलं नाही. देवच त्याच्या तोंडून बोलला, असं मी कुणाला पटवायला जात नाही. माझी भीती काही गेलेली नाही. फक्त आता ती वेताळाच्या पायाशी ठेवते आणि जे करायचं ते करते.