सायकलीपुरतं नेट

आमच्या घरामागं पत्र्याच्या चार खोल्या आहेत. रांजणगावच्या कंपन्यांत काम करणारी पोरं तिथं भाड्यानं राहतात, बहुतेक बिहारकडची. भाड्यातच पाणी, लाईट आणि नेट. पाण्यावरनं कधी कुरबूर झाली नाही, पण नेटवरनं मात्र झाली, आणि ती माझ्या नातीच्या सायकलीपायी.

नात शर्यतीची सायकल चालवायची. दौंडचे एक सर तिला शिकवत. सराव मात्र ती इकडं न्हावऱ्याच्या रस्त्याला एकटीच करायची. उसाच्या हंगामात एक ट्रॅक्टर तिच्या शेजारनं गेला. मागच्या ट्रॉलीतनं बाहेर आलेल्या उसात तिची बाही अडकली आणि ती फरफटत गेली. खांद्याजवळचं हाड मोडलं. माझा लेक, म्हणजे तिचा बाप, दवाखान्यातच म्हणाला, "रस्त्यावर सायकल आता न्हाई म्हंजी न्हाई." त्याचंही बरोबर होतं. तिचा फाटलेला टीशर्ट त्यानंच पिशवीत भरून घरी आणला होता.

मग सरांनीच सुचवलं की घरात चालव. सायकलीचं मागचं चाक काढायचं आणि ती एका जड यंत्रावर बसवायची. समोर टीव्ही. पायडल मारलं की पडद्यावरचा माणूस पुढं जातो, तिथं चढ लागला की इथं पायडल जड होतं, आणि कुठल्या कुठल्या गावची पोरं आपापल्या घरात बसून त्याच रस्त्यावर शेजारी चाललेली दिसतात. आधी मला पटेना. पण पोरगी घामानं निथळायची तेव्हा पटलं. काढलेलं चाक आम्ही खिळ्याला अडकवून ठेवलं.

शेजारचे आप्पा कट्ट्यावर बसून ऐकायचे. "वहिनी, सकाळधरनं घरघर चाललीय. पोरगी पोचली कुठं?"

"पोचल्यावर तुम्हाला फोन करंल, आप्पा."

"आन् सायकलीला नेट कशाला लागतं वो? हवा भरायला व्हय?"

हसायचो. पण नेटचं दुखणं खरं होतं. मधेच पडदा अडकायचा आणि पोरगी रडकुंडीला यायची. मी नेटवाल्याला बोलावून म्हटलं, मोठा प्लॅन टाक. तो म्हणाला, "आजी, मोठा नको. सायकलीला नेट लागतं घोटभर, पण सलग लागतं. तुमच्या ठिबकसारखं. टाकी भरलेली असून काय उपयोग, नळी चोंदली की झाड सुकलंच." हे मला लगेच कळलं. त्यानं पुढच्या खोलीतल्या नेटच्या डब्यापासनं सायकलीपर्यंत भिंतीकडेनं वायर ओढली, कारण दोन भिंतींपलीकडं वायरलेसचा भरवसा नाही. लाईट गेली तरी डबा चालावा म्हणून तो इन्व्हर्टरला जोडला. आणि जाताना म्हणाला, "मागच्या पोरांचा डबा वेगळा आहे तो बरा, पण बाहेरनं येणारी लाईन एकच. सगळ्यांनी एकदम व्हिडिओ कॉल लावला, तर मात्र माझी गॅरंटी न्हाई."

नेमकं रविवारीच ती पोरं गावाकडं व्हिडिओ कॉल लावायची. एवढाच त्यांचा सुट्टीचा दिवस.

हिवाळ्यात सरांचा निरोप आला. राहून शिकायच्या केंद्रात पोरी घेणार होते आणि लांबच्या पोरींची निवड पडद्यावरच्या शर्यतीतनं होणार होती. रविवारी सकाळी, तासभर. मधे पोरगी पडद्यावर दिसेनाशी झाली तर धरणार नाहीत. पुढच्या साली ती वयात बसणार नव्हती. बापानं एवढंच सांगितलं, "निवड झाली तर तिथं मैदानावर चालवंल, रस्त्यावर न्हाई. मग माझी ना न्हाई." म्हणजे सगळं त्या एका तासावर आलं.

मी भाडेकरू पोरांना आदल्या दिवशीच सांगितलं, उद्या सकाळी तासभर नेट बंद. एक जण म्हणाला, "अम्मा, दीदी जीत गई तो मिठाई?" म्हटलं, "पेढे देईन रे, पण हात लावू नका कशाला."

रविवारी मी त्यांच्या डब्याची पिन काढली आणि पुढच्या खोलीत बसले. आतनं घरघर सुरू झाली. लेक कंपनीत पहिल्या पाळीला गेलेला. सून दारात उभी राहून देवाचं नाव घेत होती.

अर्ध्यावर आलं असेल, तेवढ्यात मागच्या खोलीतला एक जण आला. चपला बाहेर काढल्या आणि उंबऱ्याशी उभा राहिला. हातात मोबाईल.

"अम्मा, नेट खोल दीजिए. बाबूजी नहीं रहे. ले जा रहे हैं."

मी म्हटलं, "तुझ्या मोबाईलचं नेट?"

"घूम रहा है, अम्मा. सिर्फ घूम रहा है."

माझ्या कानात आतली घरघर. सून माझ्याकडं बघत होती. तिनं मान नाही म्हणून हलवली, मग तीच खाली बघायला लागली. तिचे वडील गेले तेव्हा आम्ही मुंढव्याच्या गर्दीत गाडीत अडकलो होतो, तिला तोंड बघायला मिळालं नव्हतं.

मी पिन घातली.

तो पाण्याच्या टाकीशी जाऊन उभा राहिला. मोबाईल दोन्ही हातांनी धरलेला. आवाज मोठा होता, बायकांचं रडणं आमच्या अंगणात आलं. माझ्या ध्यानात एक गोष्ट आली नव्हती. डबा सुरू झाला तशी बाकीच्या खोल्यांतली झोपलेले मोबाईलही जागे झाले.

आत घरघर थांबली नाही. उलट वाढली. शेवटपर्यंत वाढतच गेली.

नात टॉवेल घेऊन बाहेर आली, तोंड लालबुंद, हसतीय. "आजी, मागचं कुणीच दिसंना! मी लई पुढं निघाले."

तेवढ्यात सरांचा फोन. ती ऐकत राहिली. सर म्हणाले होते, तू अर्ध्यानंतर कुणाला दिसलीच नाहीस. नेट तुटलं की पडद्यावरचा रस्ता चालू राहतो, बाकीची पोरं तेवढी नाहीशी होतात. ती एकटीच जीव तोडून पळाली होती.

मी तिला लगेच सांगितलं, पिन मी घातली आणि का घातली. ती आत जाऊन सायकलीवरचा घाम पुसायला लागली. संध्याकाळी लेक बोलला. "आई, जरा थांबला असता तो."

"तो थांबला असता रे. तिकडं बाबूजीला कोण थांबवणार होतं?"

नेटवाला नंतर म्हणाला, त्यामुळंच तुटलं असं ठाम सांगता येत नाही, बाहेरनं येणारी लाईनही त्या दिवशी मधेमधे जात होती. कुणालाच नक्की ठाऊक नाही.

त्या पोराला रजा मिळाली नाही. डोकं भादरून दुसऱ्या दिवशी तो कंपनीच्या बसला उभा होता. नात दारातनं बघत होती.

पुढच्या रविवारी मी सवयीनं डब्याकडं गेले. पाठीमागनं ती म्हणाली, "आजी, त्यांचं नेट बंद करू नको. मला आता न्हाई लागत."

"मग चाक बसवायचं का सायकलीला?"

तिनं खिळ्याकडं बघितलं. "नको. राहू दे तिथंच."