सबनीस मॅडमचं प्रशिक्षण

सबनीस मॅडम माझ्याशी शब्द सुटे करून आणि मोठ्यानं बोलत. "बसा. खुर्ची. मागेच. आहे." मी जन्मापासून आंधळा आहे, बहिरा नाही, हे मी पहिल्याच भेटीत सांगितलं. "व्हेरी गुड," त्या तितक्याच मोठ्यानं म्हणाल्या.

माझी बायको सुमन गेली आणि माझं जेवण तुटलं, म्हणून मुलीनं मला सात रस्ता चौकाजवळच्या त्यांच्या समुपदेशन केंद्रात नेलं. "बाबांना झोप लागते का?" मॅडम मुलीला विचारत. उत्तर मी दिलं, तरी आभार मुलीचे मानत.

"स्वीकार ही पहिली पायरी," हे त्यांचं लाडकं वाक्य. स्वीकार कशाचा, तर अंधत्वाचा.

मी म्हणालो, "बँकेत टेलिफोन सांभाळून रिटायर झालो, संसार केला, मुलगी शिकवली. आणखी काय स्वीकारायचं राहिलंय?"

"यालाच आम्ही नकार म्हणतो," मॅडम हळुवारपणे म्हणाल्या.

त्यांच्या कोर्समध्ये अपंगांवर एकच तास होता आणि त्या दिवशी त्या केम गावी मावसबहिणीच्या लग्नात होत्या. हे त्यांनीच मला मोकळेपणानं सांगितलं. ती उणीव भरून काढायला त्या पुण्याला कार्यशाळेला गेल्या आणि परतल्या त्या गहिवरूनच.

"डोळ्यांवर पट्टी बांधून जेवायला बसवलं हो. साधा वडा चटणीत बुडवता येईना. तुम्ही कसे जगता, ते आता कळलं मला."

"वडा मी नीट खातो, मॅडम," मी म्हणालो. "घास उतरत नाही, कारण शेजारी सुमन नसते."

त्या दिवशी मुलगी बरोबर नव्हती, त्यामुळे मॅडमना विचारायला दुसरं कुणी नव्हतं.

"सुमनताई भांडायच्या का तुमच्याशी?" त्यांनी साध्या आवाजात विचारलं.

"रोज. वैराग गावची होती. भाजीला नावं ठेवली की म्हणायची, 'लई चोखंदळ हाय की तुमी. उद्या सोताच करा.'"

सांगताना मला हसू आलं आणि हसता हसता रडू फुटलं. ती गेल्यापासून पहिल्यांदाच. मॅडमनी पाठ थोपटली नाही, स्वीकाराचं नाव काढलं नाही. नुसत्या बसून राहिल्या. हे त्यांना कुठल्या कोर्समध्ये शिकवलं असेल, असं वाटत नाही.

पुढं त्यांना पुण्यात नोकरी लागली. अपंगांचं समुपदेशन कसं करावं, ते शिकवायची. निरोपाचा फोन आला तेव्हा मी म्हणालो, "माझं उदाहरण देऊ नका म्हणजे झालं."

"छे हो. तुमच्याबद्दल सांगितलं, तर सगळे डोळ्यांतच अडकतील," मॅडम म्हणाल्या. "मी त्या भांडणाऱ्या बाईंबद्दल सांगणार आहे."