पाडव्याची सात पानं

"आणि हे कोरं पान आपल्या मेमसाहेबांचं दिसतं," संपादककाका म्हणाले, आणि बैठकीच्या खोलीत सगळे हसले.

मी दारातल्या पडद्यामागे पन्ह्याच्या पेल्यांचं तबक घेऊन उभी होते. मी तबक पोटाशी टेकवलं.

मेमसाहेब म्हणजे मीच. नन्सच्या इंग्रजी शाळेतून बाहेर पडून मला वर्ष झालं होतं, पण वडिलांच्या मित्रांनी पाडलेलं नाव तसंच राहिलं होतं. ते प्रेमानं म्हणत. मीही हसत असे. घरी फारशी बोलत नसे, त्यामुळे हसण्यावरच बरंचसं निभावत असे.

"असू द्या हो," वडील आतून म्हणाले. "तिचं सगळं शिक्षण इंग्रजीत. मीच आग्रह केला, म्हणून बिचारीनं घडी घालून टाकला कागद."

काकांची थट्टा मला फारशी लागली नव्हती. हे 'बिचारी' लागलं.

आमच्याकडे दर पाडव्याला हे सहा जण जमत. वडील वकील होते आणि नाटकं लिहीत. ती कुणी रंगभूमीवर आणली नव्हती, पण सगळ्यांनी ऐकलेली होती. संपादककाका एक साप्ताहिक चालवत. एक डॉक्टर होते, दोघं कवी होते, आणि सगळ्यांत वयानं मोठे मास्तर. मास्तर मूळचे उमरेडच्या विणकर घरातले. महाल भागातल्या एका शाळेत शिकवत, आणि मागावरच्या माणसांच्या अशा गोष्टी लिहीत की डॉक्टर म्हणायचे, वाचताना धोट्याचा आवाज येतो. सकाळी कडुलिंबाचा पाला चावून झाला, दुपारी जेवणं झाली, की वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारून ही मंडळी सतरंजीवर बसत. प्रत्येकानं सरलेल्या वर्षावर आणि लागलेल्या वर्षावर एक पान लिहून आणायचं. नाव घालायचं नाही. चार घड्या घालून विड्याच्या पानांच्या जुन्या पितळी डब्यात टाकायचं. संपादककाका एकेक पान काढून वाचत आणि बाकीचे ते कुणाचं ते ओळखत. सहसा चुकत नसत. इतकी वर्षं एकमेकांचं वाचल्यावर चुकणार तरी कसे?

त्या वर्षी डब्यात सात पानं होती. सकाळी गुढी उभारताना वडील मला म्हणाले होते, "तूही टाक एक. हवं तर इंग्रजीत लिही. आम्ही समजून घेऊ."

माझं पान चार दिवसांपूर्वीच लिहून झालं होतं. मराठीत. वडिलांनी माझं मराठी अक्षर पाहिलंच नव्हतं. शाळेच्या वसतिगृहातून मी त्यांना पत्रं लिहिली ती सगळी इंग्रजीत. पानात मी स्वतःला कुठेही येऊ दिलं नव्हतं. लिहिणारी मुलगी आहे हे कळलं, की ते जरा मऊ होऊन वाचतील अशी मला भीती होती.

लिहिलं होतं समोरच्या घराबद्दल. धरमपेठेत तेव्हा घरं थोडी आणि मोकळे प्लॉट फार. आमच्या खिडकीतून मधल्या रिकाम्या जागेपलीकडचं ते घर सरळ दिसे. तिथल्या बाई श्रावणात गेल्या होत्या. रेल्वेतून निवृत्त झालेले त्यांचे यजमान एकटेच राहत. तेव्हापासून त्या घरी सण नव्हता, आणि यंदा गुढीही लागणार नव्हती. गेल्या पाडव्याची काठी परसात भिंतीला टेकून होती. तिच्या टोकाला गाठीचा दोरा अजून लोंबत होता. येता-जाता ते तिच्याकडे पाहत आणि नजर वळवत. एवढं मी लिहिलं होतं. पान खाली संपलं तिथे शेवटचं वाक्य होतं, 'काठी तशीच भिंतीला टेकून आहे.'

पण मजकूर तिथे संपला नव्हता. आमच्या शाळेत कागदाच्या दोन्ही बाजू भरल्याशिवाय दुसरा कागद मागायचा नाही असा नियम होता. मी सवयीनं पान उलटलं आणि पुढचं मागच्या बाजूवर लिहिलं. छापखान्यासाठी लिहिणारी माणसं तसं करत नाहीत, हे मला माहीत नव्हतं. अक्षरांचे खिळे जुळवणारा कागद समोर अडकवून काम करतो, मागचं त्याला दिसत नाही. म्हणून हे सगळे कागदाची पाठ कोरी सोडत. वर्षानुवर्षांच्या सवयीनं, कागदाला पाठ असते हेच ते विसरून गेले होते.

काकांनी माझं पान चौथं उघडलं. पहिल्या तीन पानांवर खूप हशा झाला होता. डॉक्टरांनी तपकीर सोडण्याचा संकल्प केला होता, आणि तो ओळखायला कुणाला एक क्षणही लागला नव्हता, कारण संकल्प दर वर्षीचाच होता. माझं पान सुरू झालं तेव्हा ते हसूनच ऐकत होते. मग हसू थांबलं. काका खालच्या ओळीपर्यंत आले, 'भिंतीला टेकून आहे' म्हणाले, आणि त्यांनी कागद मांडीवर पालथा ठेवला. मागची बाजू आता वर आली होती. काका चष्मा पुसत होते. कुणीही तिकडे पाहिलं नाही.

"मास्तर," डॉक्टर हळूच म्हणाले.

"दुसरं कोण?" दोघांपैकी थोरले कवी म्हणाले. "आणि शेवट पाहा! काही सांगत नाही, समजावत नाही. काठी भिंतीला आणि आपण इथे. सोडून दिलं माणसाला!"

"वहीचा आखीव कागद," काका म्हणाले. "शाळेत पडलेला असतोच. अक्षर जरा बदललंय मास्तर, पण हात तोच."

मास्तरांच्या पत्नी मार्गशीर्षात गेल्या होत्या. तेव्हापासून साप्ताहिकासाठी काका मागून-मागून थकले, तरी त्यांनी एक ओळ दिली नव्हती. मास्तरांनी काही बोलायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात धाकट्या कवींनी त्यांचा हात धरला आणि वडील म्हणाले, "परत आलात. वर्ष चांगलं लागलं म्हणायचं." मास्तरांनी मान खाली घातली. त्या मान खाली घालण्यालाही कुणीतरी विनय म्हणालं. मग राहिलेली पानं झाली, आणि सगळ्यांत शेवटी कोरं निघालं.

मी तबक आत परत नेलं. आई श्रीखंडाचं पातेलं खरवडत होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"कोरं दिलंस होय गं?" ती म्हणाली. "मला विचारायचंस. पन्ह्याची कृती सांगितली असती, तीच लिहून टाकायचीस. वाचून निदान तोंडाला पाणी तरी सुटलं असतं."

मी हसले. तेच सोपं होतं. नाही तरी मी बोलले असते तर काय झालं असतं? मास्तर परत लिहायला लागले म्हणून सगळे इतके सुखावले होते. त्यांच्यासमोर मी पडदा सारून सांगायचं, की नाही, ते लिहीत नाहीत, मी लिहिते?

तेवढ्यात मास्तर मागच्या ओसरीवर आले. मी माठातलं पाणी दिलं. ते पेला हातात धरून उभे राहिले, प्यायले नाहीत. बैठकीत ते शाळेतलं मराठी बोलत, पण आमच्या मागच्या ओसरीवर कायम घरचंच.

"पोरी, ते कोरं पान माह्यं हाय," ते म्हणाले.

मी माठावरचं झाकण हातातच धरून वळले.

"परवापासून दौत उघडून बसून राहिलो होतो. एक ओळ नाही आली. डब्यात सहा पानं पाह्यजे, म्हणून टाकली घडी. आन् ते तुह्या नावावर गेलं." मग जरा हसून म्हणाले, "तू काहून चूप राहिली वं? सांगाचं होतं ना, माह्यं नाही म्हणून."

मी मान हलवली. होय अशी की नाही अशी, मलाच ठाऊक नाही.

"ते दुसरं कोनाचं व्हय, थे तुले मालूम आसंल." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, पण उत्तरासाठी थांबले नाहीत. "ज्यानं लिहिलं त्याले सांग, बराबर लिहिलं. माह्या घरीबी थे काठी तशीच हाय. वर्षभर ठेवली. आज ऐकलं आन् समजलं, तिचं काही होत नसते. आता गेलो की मोडतो आन् चुलीत घालतो."

पाणी एका दमात पिऊन त्यांनी पेला माझ्या हातात दिला.

मला सांगायचं होतं, थांबा. वाक्य तयार होतं, मराठीतच होतं, पण ते तोंडापर्यंत येईस्तोवर मास्तर वळून आतही गेले होते. माझं नेहमी असंच होई. शाळेत शिक्षिका दुसऱ्या मुलीकडे वळल्यावर मला उत्तर सुचायचं.

मागच्या बाजूवर मी लिहिलं होतं, की एका दुपारी, सगळी वस्ती झोपलेली असताना, समोरचे आजोबा परसात आले. त्यांनी ती काठी उचलली. मला वाटलं, आता तोडणार. त्यांनी बादलीत फडकं बुडवलं आणि ती काठी टोकापासून बुडापर्यंत पुसली, पेऱ्या-पेऱ्याशी थांबून. दोरा सोडवला. मग पुन्हा भिंतीला लावली, पण वळचणीखाली, जिथे पाऊस लागणार नाही. पुढच्या वर्षी लागेल म्हणून. हे मी पाहिलं होतं, रचलं नव्हतं. आणि मास्तरांना फक्त अर्धं मिळालं होतं.

मी रिकामा पेला घेऊन पडद्यापाशी गेले. आत मास्तर उभेच होते.

"कोरं पान माझं आहे," ते म्हणत होते. "पोरीचं नाही. मला या वर्षी लिहिता आलं नाही. मघाशीच सांगायचं होतं, पण तुम्ही सगळे इतके खूश झालात की मला लाज वाटली."

वडील म्हणाले, "बसा मास्तर, बसा आधी." धाकटे कवी सरकले आणि त्यांना जागा करून दिली. डॉक्टरांनी तपकिरीची डबी मास्तरांपुढे धरली. दुपारचा संकल्प तिथेच संपला, आणि कुणी हसलं नाही.

"मग हे कुणाचं?" काका मांडीवरचा कागद उचलून हलवत म्हणाले. ते एकेकाकडे पाहायला लागले. डॉक्टरांनी मान हलवली. कवींनी एकमेकांकडे पाहिलं. वडील म्हणाले, "माझं नव्हे बुवा, इतकं थोडक्यात मला जमत नाही." पडद्याकडे कोणीच पाहिलं नाही. फक्त मास्तर तिकडे तोंड करून बसले होते. त्यांचा हात जमिनीवर टेकलेला होता, उठून निघायच्या तयारीत.

मी पडदा सारला. बाकीचे पाचही जण वळले. वडिलांच्या चेहऱ्यावर तीच मऊ काळजी आली, पोरीला काही हवंय का अशी. माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला.

"काका, पान उलटा. मागे अजून आहे. मी लिहिलंय ते. मास्तर, तेवढं ऐकल्याशिवाय घरी जाऊ नका."