एक ओळ सोडून

साठ-बासष्ट सालची गोष्ट. बंगळुरातल्या एका सरकारी कारखान्यात मी ड्राफ्ट्समन होतो. मल्लेश्वरमला माडीवरच्या खोलीत आम्ही दोघं राहायचो. मी पुण्याचा, तो साताऱ्याचा, लेथवर काम करणारा. घरमालकीण पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच मराठी, त्यांना आम्ही अक्का म्हणायचो. शनिवारी संध्याकाळी रेडिओवर रॉकची इंग्रजी गाणी लागत, तेवढा अर्धा तास त्यांच्या दिवाणखान्यात बसायची आम्हाला मुभा होती.

गाणी सगळी एकाच तऱ्हेची. मोठं शहर, ओळखीचं कोणी नाही, मनात योजलेलं काही झालं नाही. स्वल्प हळू लावा, त्या मेल्याचं रडं आपल्या घरात कशाला, असं अक्का त्यांच्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणायच्या. आम्ही हसायचो. ते रडं आमचंच होतं, हे त्यांना कुठून कळणार?

शब्द भराभर जायचे, म्हणून आम्ही वाटणी केली होती. पहिली ओळ मी टिपायची, दुसरी त्यानं, तिसरी परत मी. मग दोन्ही वह्यांतून मी अख्खं गाणं माझ्या ड्रॉइंगच्या अक्षरात एका कागदावर उतरवायचो. चाल त्याला एकदा ऐकून यायची, शब्द मात्र कागद हातात आल्याशिवाय बसायचे नाहीत.

गळा काय होता त्याचा! कँटोन्मेंटमधल्या एका हॉटेलात रविवारी सकाळी बँड वाजायचा. त्यांना गायक हवा होता, त्यांनी याला पुढच्या रविवारी गाऊन दाखवायला बोलावलं. घेतलं तर लेथ सोडायचा, तिकडेच राहायला जायचं, असं तो आठवडाभर घोकत होता. बोलावणं आलं त्याच्या आदल्याच शनिवारी ऐकलेलं गाणं म्हणायचं ठरलं. कागद तेवढा माझ्याकडून यायचा होता.

मी तो उतरवलाच नाही. ओव्हरटाइम आहे म्हणालो. कसला डोंबलाचा ओव्हरटाइम! हा गेल्यावर मी काय भिंतींशी बोलू, एवढंच डोक्यात होतं. रविवारी सकाळी त्यानं निदान माझी वही तरी मागितली. ती कारखान्यात राहिली, असं मी सांगितलं. वही माझ्या उशीखाली होती.

तो स्वतःची वही घेऊन गेला. दुपारी परतला तो बूट न काढताच खाटेवर बसला. एक ओळ नुसती गुणगुणायची, पुढची म्हणायची, अशी दोन कडवी त्यानं रेटली होती. मग बँडवाले वाजवायचे थांबले.

"तुझ्या ओळी असत्या तर जमलं असतं रे," तो म्हणाला.

तेव्हाही मी वही काढली नाही. दिवाळीला तो गावी गेला आणि तिकडेच नोकरीला लागला. ज्या एकटेपणाला भिऊन मी हे पाप केलं, तेच पदरात पडलं.

पुढे एका शनिवारी तेच गाणं लागलं. आता सगळं उतरवायचंच, म्हणून मी पेन्सिल घेऊन बसलो. गाणं संपल्यावर वहीत पाहिलं. पहिली ओळ होती, तिसरी होती, पाचवी होती. प्रत्येक दुसऱ्या ओळीला मी पेन्सिल उचलून त्याच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिलो होतो.