उलटी नसलेली पाचर

कुंभकोणम्‌मध्ये चाकांची अलाइनमेंट म्हटली की लोक माझ्याकडे येत. मग धाकट्या भावानं शेजारच्या शेडमध्ये ट्रक उंच करायचं काम सुरू केलं, आणि मला विचारणा होऊ लागली, "तुम्ही त्याचेच अण्णा ना?" घासात खडा लागावा तसं व्हायचं.

कालव्याकाठच्या चिखलातून भात वाहणारे जुने ट्रक त्याच्याकडे येत. त्यांच्या पुढच्या दोन चाकांमध्ये एकच सलग एक्सल असतो. एक्सलखालचे स्प्रिंगचे पाटे काढून तो वर बसवी, की ट्रक वीतभर उंच होई. पण त्यात एक्सलचा कल बिघडतो आणि गाडी रस्त्यावर सरळ राहत नाही. म्हणून पाटा आणि एक्सल यांच्यामध्ये लोखंडी पाचर घालतात, जाड बाजू मागे. त्याचा हात यात इतका बसला होता की मला बघवत नसे. शेवटी चाकं जुळवायला गाडी माझ्याकडेच यायची. पण कौतुक त्याचं.

एकदा एका भातव्यापाऱ्याचा ट्रक परत आला. मोकळ्या रस्त्यावरही भरकटतो, व्यापारी म्हणाला. मी गाडीखालच्या खड्ड्यात उतरलो. पाचरी बरोबर होत्या. पुढची दोन चाकं एकमेकांना जोडणारा टाय रॉड मीच घाईत लावला होता. पुढच्या चाकांची तोंडं बाहेर फाकली होती.

भाऊ वरून वाकला आणि घरच्या मराठीत हळूच म्हणाला, "अण्णा, पाचर उलटी बसली का?"

पिढ्यान्‌पिढ्या इथले असलो तरी आमच्या घरात मराठी; दुकानात मात्र आम्ही तमिळच बोलायचो. मराठी काढायची ती गिऱ्हाइकासमोर एकमेकांची लाज राखायला. मी उत्तर तमिळमध्ये दिलं, तेही मोठ्यानं. "हो, आप्पु उलटा!"

आप्पु म्हणजे पाचर. पण तमिळमध्ये कुणाला आप्पु ठेवणं म्हणजे त्याचा घात करणं. व्यापारी खदखदून हसला आणि भावाला म्हणाला, "काय तंबी, मलाच आप्पु ठेवलास?"

मी खाली थोडी ठोकठाक केली. पाचरीला हातही लावला नाही. टाय रॉड तेवढा नीट केला. ट्रक सरळ धावला. माझी वाहवा झाली आणि भाऊ गावभर 'आप्पु तंबी', म्हणजे पाचरवाला धाकटा, झाला. हळूहळू त्याचं गिऱ्हाईक तुटलं. आता तो तिरुभुवनम्‌ला रेशमी साड्यांच्या दुकानात बसतो. स्वतःच्या हातावरचा त्याचा विश्वास उडाला तो उडालाच.

परवा आम्ही दोघे मरुदानल्लूरला भजनाला गेलो होतो. बाहेर तोच व्यापारी चारचौघांत कॉफी पीत उभा. "या, आप्पु तंबी!" भाऊ नेहमीसारखा हसला. ते हसणं मला सोसवेना.

मी तमिळमध्ये म्हणालो, "पाचर सरळच होती. चाकं मी चुकीची लावली होती. आळ याच्यावर घातला."

व्यापाऱ्याचा पेला हातातच राहिला. भावानं माझं कोपर घट्ट धरलं आणि मराठीत पुटपुटला, "अण्णा, हळू. लोक ऐकताहेत."

तो माझी लाज राखत होता. त्याला हे इतकं सहज जमतं याचा मला तिथंही हेवा वाटला. मी कोपर सोडवून घेतलं आणि तेच पुन्हा एकदा, तमिळमध्ये, आणखी मोठ्यानं सांगितलं.